नेट गेलं? बटण दाबण्याआधी पत्ता वाचा



घरून धंदा करणाऱ्याचं नेट गेलं की नुसतं नेट जात नाही. बिलाचा प्रिंटर थांबतो, ऑर्डरचे मेसेज अडकतात, गोडाउनचा कॅमेरा दिसेनासा होतो आणि जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख नेमकी त्याच दिवशी असते. अशा वेळी आपण काय करतो? आधी राउटर बंद-चालू करतो. नाही जमलं की टाचणी घेऊन मागचं रिसेटचं बारीक बटण दाबतो. तरीही नाही जमलं तर कुणीतरी सल्ला देतं, "अरे, फायरवॉल बंद करून टाक, लगेच चालेल."

पहिल्या उपायाने काही बिघडत नाही, जरूर करा. दुसऱ्याने नेटवाल्याने भरून दिलेला युजरनेम, पासवर्ड आणि तुमच्या सगळ्या सेटिंग्ज पुसल्या जातात, म्हणजे दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं. तिसऱ्याने नेट चालेलही कदाचित, पण बिलिंगचा कॉम्प्युटर दार उघडं टाकून रस्त्यावर ठेवल्यासारखा होतो.

या व्हिडिओत जे स्क्रीनवर भराभर पुढे गेलं, ते इथे निवांत लिहून देतोय. सगळ्याचं सार एकच आहे: घरच्या फायरवॉलवर पत्त्याची गडबड झाली असेल तर चुकीचा दिसणारा आकडाच सांगतो की बिघाड कुठे आहे. म्हणून आधी आकडा वाचायचा, मग हात लावायचा.

एक सूचना आधीच देतो. इथे आकडे मराठीत छापलेत, पण कॉम्प्युटरवर टाइप करताना ते इंग्रजी कीबोर्डवरच टाइप करायचे.

आधी सोसायटी समजून घ्या

आयपी ॲड्रेस म्हणजे चार आकडे, मध्ये टिंब. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्यातला. उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. हा तुमच्या लॅपटॉपचा, प्रिंटरचा किंवा मोबाइलचा पत्ता.

आता तुमचं घरचं नेटवर्क म्हणजे एक हाउसिंग सोसायटी समजा. आत प्रत्येक फ्लॅटला नंबर आहे. तुमच्या सोसायटीत 'ए १०१' आहे, तसा शेजारच्या सोसायटीतही 'ए १०१' आहे. त्यात काही अडचण येत नाही, कारण तो नंबर आतल्या आत वापरायचा असतो. बाहेरच्या जगाला सोसायटीचा रस्त्यावरचा पत्ता लागतो.

इंटरनेटवर तसंच आहे. आतल्या वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवलेत: १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. ही वाटणी १९९६ मध्ये कागदावर पक्की झाली आणि आजही जगभर तीच चालते. या पत्त्यांना प्रायव्हेट पत्ते म्हणतात. रस्त्यावरचा पत्ता म्हणजे पब्लिक पत्ता, तो तुम्हाला नेटवाला देतो.

गेटवर जो वॉचमन बसलाय तो तुमचा फायरवॉल. तुमच्याकडे वेगळा फायरवॉलचा डबा नसेल तर वायफाय राउटरच हे काम करत असतो. वॉचमन दोन कामं करतो. एक, आतून कोणी पार्सल मागवलं असेल तर त्याची वहीत नोंद ठेवतो आणि पार्सल आलं की बरोबर त्या फ्लॅटला पाठवतो. याला नॅट म्हणतात. दोन, कोणी न बोलावता आलं तर त्याला गेटवरच थांबवतो.

तिसरी व्यक्ती म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी. नवीन माणूस राहायला आला की त्याला फ्लॅट नंबर देणारा. नेटवर्कमध्ये याला डीएचसीपी म्हणतात, आणि बहुतेक घरांत हेही काम फायरवॉल किंवा राउटरच करतो. सेक्रेटरी पत्ता भाड्याने देतो. फक्त हा करार अकरा महिन्यांचा नसतो, काही तासांचा किंवा एखाद-दोन दिवसांचा असतो. करार संपला आणि तुम्ही हजर नसाल तर तोच नंबर दुसऱ्याला जाऊ शकतो.

एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

वहीत चार पत्ते लिहा

बिघाड असो वा नसो, आज हे करून ठेवा.

पहिला, तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता. विंडोजवर सर्चमध्ये 'सीएमडी' ही इंग्रजी अक्षरं टाइप करा, काळी खिडकी उघडेल. त्यात 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत टाइप करा, एक जागा सोडा, तिरपी रेघ द्या आणि तिला चिकटून 'ऑल' लिहा. एंटर दाबा. लांबलचक यादी येईल, घाबरू नका. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' या ओळीपुढचा आकडा तुमचा.

दुसरा, त्याच यादीत 'डिफॉल्ट गेटवे'. हा वॉचमनचा आतल्या बाजूचा पत्ता. बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा काहीतरी दिसेल.

तिसरा, फायरवॉलचा बाहेरच्या बाजूचा पत्ता. ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाइप करा, फायरवॉलचं पान उघडेल, लॉगिन करा. 'स्टेटस' पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' असं लिहिलेलं असतं, त्याच्यापुढचा आकडा.

चौथा, जगाला दिसणारा पत्ता. गुगलवर 'माझा आयपी काय आहे' असं शोधलं की अनेक साइट तो दाखवतात.

चारही तारखेसकट वहीत लिहा. सगळं नीट चालू असतानाचे पत्ते लिहिलेले असले, तर बिघाडाच्या दिवशी काय बदललं ते दोन मिनिटांत कळतं. डॉक्टरकडे जाताना जुने रिपोर्ट नेतो, तसंच आहे हे.

आता एकेक चुकीचा आकडा बघूया.

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता

हा आकडा दिसला की समजा, सेक्रेटरी भेटलाच नाही. तुमच्या कॉम्प्युटरने पत्ता मागितला, कुणी उत्तर दिलं नाही, शेवटी त्याने स्वतःच दारावर एक नंबर लिहून टाकला. अशा पत्त्याने बाहेरचं इंटरनेट चालत नाही. गेटवेची ओळही बहुधा रिकामी दिसते.

इथे पहिला प्रश्न असा विचारायचा: हे एकाच मशीनला झालंय की सगळ्यांना?

एकालाच झालं असेल तर त्या मशीनची वायर बघा, पिन घट्ट बसली आहे का ते बघा. केबल बदलून बघा. वायफाय असेल तर नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडा. काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग', जागा, तिरपी रेघ 'रिलीज' आणि नंतर तसंच 'रिन्यू' केलं की मशीन पुन्हा पत्ता मागतं.

सगळ्यांनाच झालं असेल तर दोष सेक्रेटरीचा. फायरवॉलवर डीएचसीपी बंद झालंय किंवा त्याच्याकडचे नंबर संपलेत. नंबर कसे संपतात? समजा तुम्ही वाटपासाठी फक्त २० पत्ते ठेवलेत. घरातले मोबाइल, टीव्ही, कॅमेरे, प्रिंटर धरून १५ झाले. दिवाळीत ऑर्डर पॅक करायला मदतनीस आले, त्यांनी वायफायचा पासवर्ड मागितला. एकविसाव्या मोबाइलला काय मिळणार? त्याची सोय होत नाही. वाटपाचा पट्टा वाढवा किंवा कराराची मुदत कमी करा.

पण फायरवॉलचं पानच उघडत नसेल तर सेटिंग बदलणार कशी? तात्पुरता पत्ता हाताने द्यायचा. वहीत गेटवे १९२.१६८.१.१ लिहिला असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.१.२५० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे तोच. आता पान उघडेल. काम झालं की लॅपटॉप परत 'ऑटोमॅटिक'वर आणायला विसरू नका.

एकाच नंबरचे दोन फ्लॅट

विंडोजवर 'आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट' असा निरोप येतो. कधी निरोपही येत नाही, नुसता प्रिंटर सकाळी चालतो आणि दुपारी रुसतो. लोक प्रिंटर बदलायला निघतात. थांबा, प्रिंटर चांगला असू शकतो.

हे कसं घडतं ते बघा. प्रिंटर बसवणाऱ्याने त्याला १९२.१६८.१.१०५ हा पत्ता हाताने लिहून दिला. इकडे सेक्रेटरी १०० ते १९९ हे नंबर वाटतोय, त्याला या परस्पर व्यवहाराची खबरच नाही. एक दिवस लाइट गेली, सगळं बंद पडलं, लाइट आल्यावर प्रिंटर उशिरा जागा झाला आणि मधल्या वेळेत १०५ नंबर कुणाच्या तरी मोबाइलला दिला गेला. आता एकाच नंबरच्या दोन पाट्या. बिल कधी प्रिंटरकडे जातं, कधी मोबाइलकडे.

खात्री कशी करायची? प्रिंटर पूर्ण बंद करा. मिनिटभर थांबा. मग कॉम्प्युटरवर 'पिंग' लिहून पुढे प्रिंटरचा पत्ता द्या. प्रिंटर बंद असूनही उत्तर आलं, तर तो नंबर दुसरं कुणीतरी वापरतंय हे नक्की. उत्तर नाही आलं तरी एकदा फायरवॉलच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा, कारण काही उपकरणं पिंगला उत्तर देतच नाहीत.

उपाय दोन आहेत. प्रिंटरला वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा नंबर द्या, म्हणजे १०० च्या खालचा. किंवा त्याहून बरं म्हणजे प्रिंटर 'ऑटोमॅटिक'वर ठेवा आणि फायरवॉलमध्ये त्याच्या नावाने नंबर राखून ठेवा. याला 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात. सेक्रेटरीच्याच वहीत नोंद असली की घोळ होत नाही.

मोबाइलसाठी रिझर्व्हेशन करणार असाल तर एक गंमत लक्षात ठेवा. राखीव नंबर उपकरणाच्या मॅक ॲड्रेसवरून ओळखला जातो. पण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल आपला खरा मॅक लपवतात आणि वायफायला बनावट मॅक दाखवतात. हे खासगीपणासाठी चांगलं आहे, पण नेटवर्क 'फर्गेट' केलं किंवा फोन रिसेट केला की मॅक बदलू शकतो आणि राखलेला नंबर वाया जातो. फक्त धंद्यासाठी ठेवलेल्या फोनवर, तेही फक्त घरच्या वायफायपुरतं, ही सोय बंद करता येते.

पत्ता छान आहे, पण प्रिंटर दिसत नाही

कॉम्प्युटरवर १९२.१६८.१.२०, प्रिंटरवर १९२.१६८.०.१५. दोन्ही पत्ते आपापल्या जागी बरोबर. पण पहिले तीन आकडे जुळत नाहीत, म्हणजे दोघं वेगवेगळ्या सोसायटीत राहतात. घरच्या नेटवर्कवर सहसा मास्क २५५.२५५.२५५.० असतो, आणि त्याचा अर्थच असा की पहिले तीन आकडे सारखे असतील तरच शेजारी.

कारणं तीन संभवतात. एक उपकरण गेस्ट वायफायवर जोडलं गेलंय. किंवा रेंज वाढवायला मागच्या खोलीत दुसरा राउटर लावलाय आणि तोही स्वतःचे नंबर वाटतोय. किंवा कॅमेरा जुन्या जागेतून आणलाय आणि त्याच्या डोक्यात अजून जुनाच पत्ता बसलाय.

यातला दुसरा राउटर सगळ्यात जास्त वेळा सापडतो. एका सोसायटीत दोन सेक्रेटरी झाले की कोण कुणाला नंबर देतोय ते कळत नाही. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असतो, तो लावा. मग तो फक्त वायफाय पसरवतो, नंबर वाटत नाही.

आत-बाहेर एकच पट्टा

नवीन फायरवॉल घेतल्यावर पहिल्याच दिवशी हा घोळ होतो. नेटवाल्याच्या फायबर मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१. तुम्ही फायरवॉल आणला, त्याचा कारखान्यातून आलेला आतला पत्ताही १९२.१६८.१.१. मोडेमची वायर फायरवॉलच्या वॅन पोर्टात लावली. आता फायरवॉलच्या दोन्ही बाजूंना एकच पट्टा. कोणतं पार्सल आत द्यायचं आणि कोणतं बाहेर, हे वॉचमनला ठरवताच येत नाही. काही फायरवॉल स्पष्ट इशारा देतात, काही नुसतेच गप्प बसतात, पण नेट मात्र चालत नाही.

डबा खराब समजून दुकानात परत देऊ नका. मोडेमची वायर काढा, फायरवॉलच्या पानावर जा, 'लॅन' सेटिंगमध्ये आतला पत्ता १९२.१६८.५०.१ करा, वाटपाचा पट्टाही ५० चाच करा. सेव्ह करा, सगळी उपकरणं बंद-चालू करा, मग मोडेमची वायर जोडा.

५० च का? तुम्ही कोणताही घ्या, फक्त ० आणि १ टाळा. बहुतेक डबे या दोनच पट्ट्यांवर सेट होऊन येतात. उद्या घरून दुकानाच्या कॉम्प्युटरला व्हीपीएनने जोडायचं ठरवलंत आणि दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल, तर हीच डोकेदुखी पुन्हा. घराला ५०, दुकानाला ६०, गोडाउनला ७० असं आजच ठरवून टाका.

गेटवर दोन वॉचमन

वहीतला तिसरा पत्ता बघा. फायरवॉलच्या वॅनवर १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा आकडा दिसतोय? म्हणजे तुमच्या वॉचमनच्या पुढे अजून एक वॉचमन बसलाय. याला डबल नॅट म्हणतात. साधं ब्राउझिंग, यूपीआय, व्हिडिओ कॉल सगळं चालतं. अडतं ते बाहेरून आत यायचं काम: कॅमेऱ्याचं थेट चित्र, व्हीपीएन, पोर्ट फॉरवर्डिंग. तुम्ही आपल्या वॉचमनला 'यांना आत सोड' असं सांगितलेलं असतं, पण पाहुणा पहिल्याच गेटवरून परत गेलेला असतो.

पहिला वॉचमन बहुधा नेटवाल्याचा मोडेम असतो. त्यांना फोन करून मोडेम 'ब्रिज मोड'वर टाकायला सांगा. मग मोडेम नुसती वायर होतो आणि खरा पत्ता तुमच्या फायरवॉलवर येतो. पण त्याआधी पीपीपीओईचा युजरनेम आणि पासवर्ड त्यांच्याकडून घेऊन वहीत लिहा, कारण आता तो फायरवॉलमध्ये तुम्हाला भरावा लागेल. बाहेरून आत यायचं तुमचं काहीच काम नसेल, तर डबल नॅट तसाच राहिला तरी बिघडत नाही. चालत्या गाडीला खीळ घालू नका.

१०० ने सुरू होणारा पत्ता

वॅनवर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा काहीही आकडा दिसला, आणि चौथा पत्ता त्याच्याशी जुळत नसेल, तर पहिला वॉचमन तुमच्या घरात नाहीच. तो नेटवाल्याच्या ऑफिसात आहे.

यामागे एक मोठं कारण आहे. चार आकड्यांच्या या पद्धतीत जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात, त्यापेक्षा एकही जास्त नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. एप्रिल २०११ पर्यंत आशिया-प्रशांत भागाचा साठाही अगदी तळाला लागला. मग नेट कंपन्यांनी एका पब्लिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवायला सुरुवात केली, आणि त्यासाठी २०१२ मध्ये हा १०० चा पट्टा राखला गेला. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे तुमची सोसायटी एका मोठ्या टाउनशिपच्या आत आहे आणि मेन गेटचा वॉचमन तुम्हाला ओळखत नाही.

अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही वेळा केलंत तरी चालणार नाही. यात रात्र घालवू नका. मार्ग तीन आहेत. नेटवाल्याकडून जादा पैसे देऊन स्टॅटिक पब्लिक आयपी घ्या. किंवा कॅमेरा कंपनीचं क्लाउड ॲप वापरा, त्यात कॅमेराच आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे गेटचा प्रश्न येत नाही. किंवा आयपीव्ही६ चालू असेल तर माहितगार माणसाकडून त्यावर व्हीपीएन लावून घ्या. आपल्या धंद्याला रोज बाहेरून आत यावं लागतं का, याचा हिशोब मांडा आणि मगच पैसे खर्च करा.

वॅनवर ०.०.०.०

फायरवॉलला बाहेरून पत्ताच मिळालेला नाही. आतलं काहीही तपासत बसू नका. आधी फायबर मोडेमवर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागलाय का बघा. लागला असेल तर बाहेरची वायर तुटली आहे किंवा पिन सुटली आहे, सरळ तक्रार नोंदवा. लाल दिवा नसेल तर पीपीपीओईचा पासवर्ड पुन्हा भरा, प्लॅनचे पैसे भरलेत का ते बघा.

आणि तुम्ही नुकताच राउटर किंवा फायरवॉल बदलला असेल तर? बरेच लोकल केबलवाले तुमच्या जुन्या डब्याचा मॅक ॲड्रेस आपल्याकडे नोंदवून ठेवतात. नवीन डबा त्यांना अनोळखी वाटतो. त्यांना फोन करून नवीन मॅक नोंदवायला सांगा, किंवा फायरवॉलमध्ये 'मॅक क्लोन' असेल तर जुन्या डब्याचा आकडा तिथे भरा.

पत्ता बरोबर, तरी साइट उघडत नाही

काळ्या खिडकीत 'पिंग' लिहून पुढे ८.८.८.८ द्या. हा गुगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे. उत्तर येतंय पण साइट नावाने उघडत नाही? मग नेट चालू आहे, फक्त नावावरून पत्ता सांगणारी डायरी हरवली आहे. तिला डीएनएस म्हणतात. फायरवॉलच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरून बघा.

लॉग बघून घाबरू नका

कधी कुणी फायरवॉलचा लॉग उघडतं आणि शेकडो लाल ओळी बघून हादरतं: 'ब्लॉक्ड, ब्लॉक्ड, ब्लॉक्ड'. आपल्यावर हल्ला झालाय असं वाटतं. आधी पत्ते वाचा. पाठवणारा १९२.१६८.१.१ आणि घेणारा २२४.०.०.१ असेल, तर तो तुमचाच मोडेम 'कोणी आहे का रे' अशी हाक मारतोय. घेणारा २५५.२५५.२५५.२५५ असेल तर तीही सगळ्यांसाठी मारलेली हाक. बऱ्याच फायरवॉलवर वॅनच्या बाजूने येणारे प्रायव्हेट पत्ते अडवायचा नियम आधीच चालू असतो, म्हणून या ओळी दिसतात. वॉचमन आपलं काम करतोय, त्याला करू द्या.

फायरवॉल बंद करायची नाही

आता सुरुवातीच्या त्या सल्ल्याकडे येतो. वरचा एकही बिघाड फायरवॉल बंद केल्याने खऱ्या अर्थाने दुरुस्त होत नाही. सेक्रेटरीने नंबर दिला नाही म्हणून वॉचमनला घरी पाठवून काय उपयोग?

तीन गोष्टी कुणीही सांगितल्या तरी करू नका. बिलिंगच्या कॉम्प्युटरला 'डीएमझेड'मध्ये टाकू नका, त्याने बाहेरून येणारं सगळं थेट त्याच मशीनवर जातं. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ नंबरचा पोर्ट इंटरनेटला उघडू नका, रॅन्समवेअर टोळ्या असे उघडे पोर्ट शोधतच फिरतात. आणि आयपीव्ही६ची फायरवॉल बंद करू नका, कारण तिथे नॅटची वही नसते, बहुतेक उपकरणांना थेट जगाला दिसणारा पत्ता मिळतो आणि मध्ये फक्त फायरवॉल उभी असते.

टॅलीतला पाच वर्षांचा डेटा लॉक झाला तर त्याची किंमत एका दिवसाच्या बंद नेटपेक्षा कितीतरी मोठी असते. नेट दोन तास गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावा, बिलं काढा, धंदा चालू ठेवा. घाईत गेट उघडं टाकू नका.

फोनवर काय बोलायचं

'नेट चालत नाहीये' असं म्हटलं की समोरून 'राउटर बंद-चालू करा' हेच उत्तर येणार. त्याऐवजी असं बोला: "दादा, फायबरचा लाल दिवा बंद आहे. फायरवॉलच्या वॅनवर ०.०.०.० दिसतंय. पासवर्ड तपासला. तुमच्याकडे माझ्या डब्याचा मॅक बरोबर नोंदवलाय का, तेवढं बघा." समोरचा माणूस लगेच सावरून बसतो, कारण त्याला कळतं की प्राथमिक तपासणी झाली आहे. तुमचा वेळ वाचतो आणि त्याचाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एक, चार पत्ते वहीत लिहा. दोन, नंबरांची वाटणी ठरवा: १ फायरवॉलला, १० ते १९ प्रिंटरला, २० ते ३९ कॅमेऱ्यांना, १०० ते १९९ आपोआप वाटपाला. तीन, प्रिंटर आणि बिलिंग कॉम्प्युटरचं रिझर्व्हेशन करा. चार, फायरवॉलच्या पानावर 'बॅकअप' असतो, ती फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, म्हणजे कधी रिसेट करावंच लागलं तर सगळं पुन्हा बसवता येईल. पाच, नेटवाल्याचा युजरनेम, पासवर्ड आणि ग्राहक क्रमांक त्याच वहीत लिहून वही कपाटात ठेवा, राउटरवर चिकटवू नका.

एकूण अर्ध्या तासाचं काम आहे. रविवारी सकाळी चहा घेताना होऊन जाईल, आणि पुढच्या वेळी नेट गेलं तर तुमचा हात टाचणीकडे जाण्याआधी वहीकडे जाईल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या.